जुन्या-नव्या कलमांची खिशातली पुस्तिका: घ्या, पण 420 ची ओळ आधी पाहा

सिव्हिल लाइन्समध्ये जिल्हा न्यायालयाच्या आसपास जुन्या-नव्या फौजदारी कलमांच्या तक्त्याची छोटी पुस्तिका मिळते. 1 जुलै 2024 पासून भादंविच्या (जुन्या भारतीय दंड संहितेच्या) 511 कलमांच्या जागी भारतीय न्याय संहितेची 358 आली. तेव्हापासून ज्युनिअर वकील, त्यांचे कारकून, ठाण्यातले अंमलदार असे सगळेच अशा तक्त्यावर चालतात. पुस्तिका घेण्यासारखी आहे, पण फक्त तिच्या भरवशावर अर्ज टाइपिंगला देऊ नये.

तक्ता दोन्हीकडून आहे, ही मोठी जमेची बाजू. नव्यावरून जुने शोधता येणे जास्त कामाचे, कारण घोळ होतो तो दोन्ही कायद्यांत असलेल्या आकड्यांचा. सीआरपीसीचे, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे, 144 म्हणजे जमावबंदी. तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 144 खाली पोटगी येते आणि जमावबंदी 163 मध्ये गेली. 173 पूर्वी दोषारोपपत्राचे होते, आता एफआयआरचे. दोषारोपपत्र 193 खाली. सगळ्यांत घातक 482. आधी त्यात हायकोर्टाचे अंगभूत अधिकार होते, आता अटकपूर्व जामीन आहे. एफआयआर रद्द करून घ्यायचा तर 528. कायद्याचे नाव गाळून नुसते ‘482’ लिहिले की ऑफिस ऑब्जेक्शनला (कोर्टाच्या कार्यालयाने त्रुटी काढण्याला) आमंत्रणच. हे तिन्ही आकडे पुस्तिकेत ठळक छापले आहेत, त्याचे मनापासून कौतुक.

कच्ची बाजू उपकलमांची. भादंविच्या 420 (फसवून मालमत्ता घेणे) समोर न्याय संहितेचे नुसते 318 आहे, हवे होते 318(4). हा फरक किरकोळ नाही: 318(2) म्हणजे जुने 417 (साधी फसवणूक), ते अदखलपात्र (पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येत नाही) आणि जामीनपात्र (जामीन हक्काने मिळतो), 318(4) दखलपात्र आणि अजामीनपात्र. शिवाय 417 ला एक वर्षापर्यंत कैद होती, 318(2) ला तीन वर्षांपर्यंत आहे. तक्ता आकडा जुळवून मोकळा होतो, शिक्षा वाढल्याचे सांगत नाही. 498-अ (पती वा सासरच्यांची क्रूरता) समोरही फक्त 85 आहे. क्रूरतेची व्याख्या वेगळी काढून 86 मध्ये ठेवली आहे, ते सुटले.

नव्या मांडणीचा फायदा मात्र खरा आहे. 304-ब (हुंडाबळी) आणि 498-अ पूर्वी दोन टोकांना होती. आता हुंडाबळी 80 मध्ये, क्रूरता 85 मध्ये, दोन्ही एकाच पाचव्या प्रकरणात. विखुरलेल्या व्याख्याही बहुतेक कलम 2 मध्ये एकत्र आल्या.

तारखेचा नियम पुस्तिकेत कुठेच नाही, आणि तो पहिल्या पानावर हवा. गुन्हा 30 जून 2024 चा असेल तर कलमे भादंविचीच लागतील, एफआयआर नंतर नोंदवला तरी. नोंदणी मात्र सुरक्षा संहितेच्या 173 खाली. आधीपासून प्रलंबित खटले त्याच संहितेच्या 531 च्या बचाव तरतुदीमुळे सीआरपीसीनेच चालतात.

एनसीआरबीचे (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे) ‘संकलन’ ॲप फुकट आहे, तक्त्यासोबत कलमाचा मजकूरही त्यात वाचता येतो. कोर्टात पान उलटणे जलद, दाखल करण्यापूर्वी ॲपवर मजकूर वाचणे सुरक्षित.

विकत घेताना दुकानात उभ्यानेच तीन ओळी तपासा: 420 समोर 318(4), 324 (घातक हत्याराने दुखापत) समोर 118(1), आणि जुन्या पुरावा कायद्याच्या 65-ब (इलेक्ट्रॉनिक पुरावा) समोर नव्या साक्ष्य अधिनियमाचे 63. पहिल्या दोन ओळींत कंसातला आकडा नसेल तर दुसरी आवृत्ती मागा.