तालीम, सजीव देखावा की पावनखिंड मोहीम? घरच्या सगळ्यांनी मिळून करायचं तर काय

इतिहास नुसता वाचायचा नाही, पोरांना घेऊन अंगानं करून बघायचा, असं ज्यांच्या मनात आहे त्यांना कोल्हापुरात तीन वाटा आहेत. मर्दानी खेळाची तालीम, गणपतीतला सजीव देखावा आणि जुलैतली पन्हाळा ते पावनखिंड मोहीम. आमच्या घरात सासूबाई, आम्ही दोघं, आठवीतली लेक आणि तिसरीतला मुलगा. तिन्ही करून झालंय आणि माझा निकष एकच, ह्यात घरातलं कोण बाजूला पडतंय ते बघायचं.

परदेशात लोक हे हौसेनं करतात, इंग्लंडमध्ये १०६६ ची हेस्टिंग्जची लढाई त्याच जागेवर पुन्हा उभी करतात, बायकापोरं त्या काळच्या कपड्यात तंबूत राहतात. पण तिकडं मध्ययुगातली तलवारबाजी मधे तुटली, ती जुनी हस्तलिखितं वाचून परत बसवावी लागली. आपल्याकडं पट्टा, म्हणजे हात झाकणाऱ्या लोखंडी खोबळ्याची लांब तलवार, वस्तादाकडनं शिष्याकडं हातातनं हातात आलाय. मला ह्याचं फार मोल वाटतं, म्हणून तालमीवर जरा जास्त लिहितेय.

तालमीत गेल्या गेल्या तलवार मिळत नाही बघा. आधी काठी, पवित्रे, पायांची हालचाल, त्यातच कित्येक महिने जातात आणि इथंच बरीच पोरं कंटाळून सोडतात. मग फरी-गदका म्हणजे ढाल आणि सरावाची काठी, मग पट्टा. पट्ट्याच्या खोबळ्यात हात असा अडकतो की मनगट वळतच नाही, सगळा वार खांद्यातनं आणि पायातनं काढायचा असतो, लेकीला हे उमगायला वर्ष गेलं, पण आता ती जमिनीवर ठेवलेलं लिंबू पट्ट्यानं कापते आणि हलगी वाजायला लागली की तिचे पाय आपोआप पवित्र्यात येतात. मी स्वतः अडतिसाव्या वर्षी काठी हातात घेतली, आई आणि लेक एकाच रांगेत फिरवतोय हे सुख दुसऱ्या कुठल्या क्लासला मिळालं नसतं. खर्चही कमी, काठी आणि साधे कपडे. अडचण आहे ती नेमाची, रोज संध्याकाळी जायला पाहिजे, महिनाभर खंड पडला की हात जड होतो. नाव घालायच्या आधी दोन-तीन दिवस नुसतं जाऊन बसा, लहानांच्या हातात धारेचं हत्यार देतात का, मुलींकडं वस्ताद तेवढंच लक्ष देतात का ते बघा. आणि हत्यारं तालमीतच राहू देत, तलवार घेऊन गाडीवरनं फिरणं म्हणजे थेट पोलीस केस.

सासूबाई मात्र तालमीत नुसत्या बघत बसायच्या. देखाव्यात तसं झालं नाही. पन्हाळ्याच्या वेढ्यात महाराजांचा वेश घेऊन शत्रूला चकवणाऱ्या शिवा काशीदांचा प्रसंग बसवला तेव्हा मुलगा मावळा झाला, ह्यांनी लाइट सांभाळली आणि सासूबाईंनी घरी बाराबंद्या शिवल्या. भाड्याच्या ड्रेसला पुढं चेन असते हो, त्यांनी मोजून बंद लावले, कापडही सुती घेतलं. आवाज आधीच रेकॉर्ड केलेला असतो, त्यामुळं लाजरी पोरंही उभी राहतात. पण एकच प्रसंग रात्री उशिरापर्यंत पुन्हा पुन्हा करायचा, तिसरीतल्या पोराची झोप आणि शाळा दोन्हीची वाट लागते. आणि अनंत चतुर्दशी झाली की सगळं बंद.

मोहिमेला मुलाला आम्ही पूर्ण नेलं नाही आणि तुम्हीही इतक्या लहानाला नेऊ नका. साधारण पन्नास किलोमीटर, बहुतेक ग्रुप दोन दिवसात करतात, मसाई पठार, करपेवाडी, पांढरपाणी करत खिंडीपर्यंत, सगळी वाट पावसात आणि चिखलात. लेकीच्या बुटाचा सोल जंगलातच निघाला, दोरीनं बांधून चालली. महाराजांनी आणि सहाशेच्या आसपास मावळ्यांनी जुलै १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातनं निघून, मागं शत्रू लागलेला असताना, ही वाट एका दमात काढली, तीही पालखीसह, हे मला आधी माहीत होतं पण कळलं ते दुसऱ्या दिवशी दुपारी, जेव्हा खिंडीत उतरताना पाय थरथरत होते आणि इथं बाजीप्रभू उभं राहून लढले असं कुणीतरी सांगत होतं. देखाव्यात आणि तालमीत हे येत नाही.

तर पोरं दहाच्या आतली असतील आणि घरात आजी-आजोबा असतील तर देखाव्यापासून सुरू करा, पोरांना फक्त लवकरच्या खेळात ठेवा असं मंडळाला आधीच सांगून ठेवा. दहाच्या पुढं असतील आणि संध्याकाळचा तास खरंच मोकळा असेल तर तालीमच, उन्हाळ्याच्या सुट्टीत नाव घाला म्हणजे शाळा सुरू होईपर्यंत काठी बसते. मोहीम पोरं तेरा-चौदाची झाल्यावर, आणि त्याआधी एखाद्या रविवारी पन्हाळा ते मसाई पठार चालून बघा, शहरापासून पन्हाळा वीसेक किलोमीटरच आहे. आम्ही मुलाला तेवढंच नेतो, पठारावर भाकरी खाऊन परत. आजी यष्टीनं पन्हाळ्यावर येऊन तबक उद्यानात बसतात, डबा त्यांच्याच हातचा असतो.