अजिंठा चौफुलीजवळचा ऑटो इलेक्ट्रिशियन: स्टिअरिंगचं खरं दुखणं सापडलं

यावलहून जळगावला येताना स्टिअरिंग अचानक दगडासारखं जड झालं, पिवळा दिवा लागला. गाडी बंद करून चालू केली की ठीक, दहा मिनिटांनी पुन्हा तेच. आधी दाखवलं तिथे गाडीच्या कॉम्प्युटरमधला बिघाडाचा कोड पुसून दिला, दोन दिवसांत दिवा परत. दुसऱ्या ठिकाणी न तपासताच स्टिअरिंग हलकं करणारी मोटर बदला म्हणाले.

मग या भाऊंकडे गेलो. त्यांनी आधी बॅटरी, अर्थिंग आणि फ्यूज पाहिले. मग स्कॅनरवर टॉर्क सेन्सरचे, म्हणजे स्टिअरिंगवर हाताचा किती जोर पडतो ते मोजणाऱ्या सेन्सरचे, दोन्ही सिग्नल लाइव्ह लावले आणि मला दाखवत समजावलं: स्टिअरिंग सरळ असताना दोन्ही साधारण अडीच व्होल्ट, वळवायला जोर लावला की एक चढतो, दुसरा तेवढाच उतरतो. माझ्या गाडीत डावीकडे जोर दिला की एक सिग्नल मध्येच शून्यावर पडायचा. वायर हलवून पाहिली, कनेक्टर साफ केला, मल्टिमीटरने पाच व्होल्टचा सप्लाय मोजला. सगळं ठीक, म्हणजे बिघाड कॉलममधल्या (स्टिअरिंगच्या खालच्या दांड्याच्या भागातल्या) सेन्सरचाच. मोटर चांगली होती!

सेन्सर सुटा मिळेना, म्हणून कॉलम बदलला. नंतर चाकं सरळ करून, स्टिअरिंगवरचे हात काढून शून्य कॅलिब्रेशन केलं, म्हणजे जोर नसतानाची स्थिती सेन्सरला शून्य म्हणून ठरवून दिली. हे राहिलं तर गाडी एका बाजूला ओढते, असं त्यांनी बजावलं.

तपासणीचे सहाशे रुपये घेतले, तीन तास लागले. मे महिन्यात बसायला सावली नाही, फोनही लवकर उचलत नाहीत. तरी सकाळी दहाच्या आत जा. चार महिने झाले, दिवा लागलेला नाही.