होंडा एस२००० : गाडी घेऊन वर्ष होत आलं, आणि नवा फेंडर मी का नाकारला

माझ्या एस२००० ला, म्हणजे होंडाच्या दोन आसनी स्पोर्ट्स कारला, ज्याने ठोकलं त्याच्या विमा कंपनीने मला नवा कोरा फेंडर (चाकावरचा पत्रा) देऊ केला होता. खर्च सगळा त्यांचा. मी नको म्हटलं. घरात कुणालाच ते पटलं नाही, ऑफिसात तर नाहीच. पण ज्यांना दोन आसनी जुनी गाडी घ्यायची आहे, किंवा घेऊन ठेवली आहे, त्यांनी हे वाचाच. माझ्या मते जुन्या स्पोर्ट्स कारची किंमत कशावर टिकते ते सगळं या एका फेंडरमध्ये आलं आहे.

माझी गाडी २००५ ची, चंदेरी, २.२ लिटर. न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या एका पार्किंगमध्ये कुणीतरी एसयूव्ही मागे घेताना पुढच्या डाव्या फेंडरला ठोकली. तळहाताएवढा पोचा पडला, रंग मात्र कुठेही उडाला नाही. बॉडी शॉपवाल्याने दोन मिनिटं बघितलं आणि नवा फेंडर लिहून टाकला. त्याच्या दृष्टीने सरळ काम: जुना काढा, नवा लावा, रंग मारा.

आता बॉनेट उघडून फेंडरची आतली कड बघा. तिथे एक छोटं लेबल असतं, त्यावर गाडीचा चेसिस नंबर. असंच लेबल बॉनेटवर, दारांवर, डिकीच्या झाकणावर, बंपरवर. चोरीच्या गाड्यांचे सुटे भाग विकले जाऊ नयेत म्हणून अमेरिकेत १९८४ साली कायदा झाला, त्यातून ही पद्धत आली. कंपनीकडून बदली भाग आला तर त्याच्यावर तुमचा नंबर नसतो, ‘आर’ हे अक्षर आणि ‘डॉट’ (अमेरिकेच्या परिवहन खात्याचं लघुरूप) असा शिक्का असतो. म्हणजे नवा फेंडर लावला की पुढच्या गिऱ्हाइकाला एका नजरेत कळतं, इथे कधीतरी काहीतरी झालं होतं. किती झालं होतं ते तुम्ही कितीही शपथेवर सांगा. तो मनातल्या मनात मोठा अपघात धरणार आणि तेवढे पैसे कापणार. ही लेबलं म्हणजे गाडीचा सातबारा. एस२००० विकणारा शहाणा माणूस जाहिरातीत पहिल्या दोन ओळींत ‘सगळी लेबलं जागेवर’ असं लिहितो, ते उगाच नाही.

विमा कंपनीच्या बाईंना हे समजावताना माझा जीव मेटाकुटीला आला. त्यांचं एकच पालुपद: ‘जुन्यापेक्षा नवा भाग चांगला नाही का?’ रोजच्या वापराच्या सेडानसाठी हे बरोबरच आहे. इथे उलटं आहे. दोन आठवडे फोन, ईमेल, फोटो. शेवटी रंग न काढता पोचे काढणाऱ्या एका कारागिराचं कोटेशन मी स्वतः आणून दिलं. ते त्यांच्या अंदाजाच्या निम्म्याहूनही कमी निघालं, तेव्हा कुठे मान्य झालं. त्या माणसाने चाकाच्या वरचं प्लास्टिकचं अस्तर काढलं, पट्ट्यापट्ट्यांचा दिवा समोर लावला आणि मागून पोलादी सळीने कणाकणाने पत्रा दाबत आणला. दिव्याच्या पट्ट्या फेंडरवर वाकड्या दिसत होत्या, त्या हळूहळू सरळ झाल्या. लेबल शाबूत, कारखान्यातला रंग शाबूत. हल्ली खरेदीदार रंगाची जाडी मोजायचं यंत्र घेऊनच येतात, त्यामुळे दुसऱ्या गोष्टीलाही तेवढंच मोल आहे.

घेताना माझ्यासमोर दोन गाड्या होत्या. एक कमी मैल चाललेली, पण सायलेन्सर बदललेला, रेडिओ भलताच, बिलांचा पत्ता नाही. दुसरी बरीच जास्त चाललेली, पण पहिल्या तेलबदलापासूनच्या पावत्या फायलीत, मूळ चाकं, मूळ रेडिओ, आणि त्याच्यावरचं ते झाकणसुद्धा. ती स्वस्त होती म्हणून मी ती घेतली, तेव्हा कारण एवढंच होतं. आता म्हणेन, किंमत सारखी असती तरी हीच घ्यावी. शोकेसमधल्या गाड्यांसाठी मैल बघा. चालवायच्या गाडीसाठी कागद आणि मूळ भाग बघा.

या गाडीचे भाव का चढतात याबद्दलही माझं मत या वर्षात बदललं. आधी वाटायचं, तेव्हा कॉलेजात असलेली पोरं आता चाळिशीत कमावती झाली, त्यांची हौस आहे, ओसरेल. हौस आहेच. पण घाटासारख्या वळणदार रस्त्यावर ही गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये आठ हजार आरपीएमच्या जवळ नेली की कळतं, असं इंजिन आज नव्या गाडीत क्वचितच मिळतं. टर्बो नाही, ऑटोमॅटिक नाही, सहा गिअरचा मॅन्युअल हा एकच पर्याय. १९९९ ला होंडाच्या पन्नाशीनिमित्त आली तेव्हा दोन लिटरमधून २४० हॉर्सपॉवर काढत होती, नऊ हजार आरपीएमपर्यंत. २००९ ला बंद झाली आणि तिच्या जागी दुसरी आलीच नाही. दहा वर्षांत जगभर मिळून सुमारे १ लाख १० हजार गाड्या. त्यातल्या कितीतरी पोरांनी झाडांवर घातल्या, कितीतरी ट्रॅकवर झिजल्या.

शेजारी माझदाची एमएक्स-५ ठेवून बघा. चालवायला तितकीच गोड, पण दहा लाखांवर बनल्या आणि अजून नवी मिळते. म्हणून जुनी स्वस्त. पोर्शची पहिली बॉक्सटर घ्या, नाव मोठं, पण इंजिनातलं एक बेअरिंग निकामी होण्याची भीती अशी पसरली की वर्षानुवर्षं भाव उठेना. फेरारी एफ४३० मध्ये तर तीच गाडी मॅन्युअल गिअरची असेल तर कितीतरी जास्त पैसे पडतात, कारण तशा थोड्याच बनल्या. थोडक्या बनल्या, विश्वासाचं इंजिन, हाताने गिअर, आणि पुढे वारस नाही, हे सगळं एका गाडीत जमून आलं की भाव पडत नाही. एस२००० ची सीआर ही ट्रॅकसाठीची आवृत्ती अमेरिकेत ७०० पेक्षाही कमी विकली गेली. तिच्या अगदी कमी चाललेल्या गाड्या लिलावात लाख डॉलरच्या वर गेल्या आहेत. नवीन असताना साधी एस२००० साधारण ३२ हजार डॉलरला मिळायची.

पुण्याहून भाऊ विचारतो, इकडे पाठवता येईल का. नाही. भारतात तीन वर्षांहून जुनी गाडी सहसा आणता येत नाही, आणि हिचं स्टीअरिंग डाव्या बाजूला, त्यामुळे विषयच संपला.

खर्चाचं सांगायचं तर तेल, टायर, वार्षिक सर्व्हिस हे सगळं होंडाच्याच हिशोबात बसतं. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडलं की मी गाडी बाहेर काढत नाही. गंजाने खाल्लेला तळ कुठल्याही फायलीने भरून निघत नाही.

या भांडणातून एक गोष्ट मात्र मी लगेच बदलली. माझा विमा साधा होता. गाडी पूर्ण गेली तर कंपनी ठरवेल ती ‘चालू बाजारभावाची’ रक्कम. त्या बाईंच्या कागदावर माझ्या गाडीची जी किंमत छापली होती ती बघून मी त्याच आठवड्यात ठरीव किमतीची पॉलिसी घेतली, जिच्यात आकडा आधीच दोघांच्या सहीने पक्का होतो. अटी आहेत: कुलपाचं गॅरेज हवं, रोजच्यासाठी दुसरी गाडी हवी, वर्षाला मैलांची मर्यादा. मला तिन्ही चालतात. हप्ता आधीपेक्षा कमी आला. वसंतात नूतनीकरण आहे. तेव्हा पोचा काढल्याची पावती, लेबलांचे फोटो आणि ताज्या विक्रीचे आकडे जोडून किंमत वाढवून मागणार आहे.