आंतरपिकातली ओल मोजणारी टेन्सिओमीटरची जोडी

तूर आणि सोयाबीनच्या आंतरपिकात मी एक संपूर्ण हंगाम टेन्सिओमीटरची जोडी वापरली. एक ३० सेंटीमीटर खोलीवर, दुसरा ६० वर. पाण्याने भरलेली नळी, तळाशी चिनी मातीचे सच्छिद्र टोक आणि वर ओढ दाखवणारा काटा, एवढीच त्याची रचना. माती सुकत जाते तशी ती टोकातून पाणी ओढू लागते आणि काटा चढतो. मातीत पाणी किती आहे हे तो सांगत नाही. ते शोषायला मुळांना किती जोर लावावा लागतो हे सांगतो, आणि पाणी कधी द्यायचे हे ठरवताना खरे उपयोगी तेच असते.

आंतरपिकाला पाणी कमी लागते असे सरसकट म्हटले जाते, ते मला आता पटत नाही. सोयाबीन फुलोऱ्यात असताना पावसाने उघडीप दिली, तेव्हा वरचा, म्हणजे ३० सेंटीमीटरवरच्या टेन्सिओमीटरचा काटा रोज सकाळी थोडा पुढे सरकलेला असे आणि खालचा, ६० वरचा, जेमतेम हले. सोयाबीन काढल्यानंतर मात्र खालचा काटा चढू लागला, कारण सुरुवातीला सावकाश वाढणाऱ्या तुरीचे सोटमूळ तोवर खोल उतरले होते आणि सोयाबीनला न पोहोचलेली ओल ती वापरत होती. दोन्ही पिके पाणी पितातच, पण वेगळ्या थरातून आणि बऱ्याच अंशी वेगळ्या वेळी. वरचा एकच टेन्सिओमीटर असता, तर काढणीनंतर त्याचा काटा चढलेला पाहून मी तुरीला विनाकारण पाणी दिले असते.

उणिवाही आहेत. ओढ ८० सेंटीबारच्या (ओढ मोजायचे एकक) आसपास गेली की नळीत हवा शिरते आणि काटा खोटे बोलू लागतो; भारी काळ्या जमिनीत त्यापुढेही पिकाला मिळण्याजोगे बरेच पाणी शिल्लक असते, शिवाय भेग पडली की टोकाचा मातीशी संपर्क तुटतो. टोक बसवण्यापूर्वी रात्रभर पाण्यात भिजवावे, नळीत उकळून थंड केलेले पाणी भरावे आणि भोकात मातीचा पातळ गारा ओतूनच टोक दाबावे, यातले काहीच सोबतच्या माहितीपत्रकात नव्हते, त्यामुळे माझ्या पहिल्या आठवड्याच्या नोंदी वाया गेल्या.

आंतरपीक घेणाऱ्याने जोडीच घ्यावी आणि ती दोन पिकांच्या ओळींमध्ये बसवावी. तुरीसाठी मी पुढच्या हंगामात ९० सेंटीमीटरवर तिसरा बसवणार आहे.