पाच वर्षं चालणारा घड्याळाचा सेल: इंदूरकरांनो, हा डबा दारात आला तर

भिंतीवरच्या घड्याळात सेल नेमका कधी घातला, हे घरात कुणालाच सांगता येत नाही. दूधवाल्याचे खाडे कॅलेंडरवर मांडले जातात, गॅसची टाकी लावल्याची तारीख लिहिली जाते. सेलची कुणी लिहीत नाही. आमच्या मल्टीत, म्हणजे फ्लॅटच्या इमारतीत, जी फसवणूक झाली ती सगळी या एका गोष्टीवर उभी होती, म्हणून ती आधी सांगते.

गेल्या गणपतीत एक गृहस्थ घरोघर आले. चाळिशीचे, नीटनेटके, गळ्यात ओळखपत्र. आणि स्वच्छ मराठी. इंदुरात दारावरचा विक्रेता हिंदीतच सुरू होणार हे आपण धरून चालतो. मराठी कानावर पडलं की दाराची साखळी आपोआप निघते, पुढे पाणीही विचारलं जातं. त्यांच्याकडे मुठीत मावेल असा राखाडी प्लास्टिकचा डबा होता. त्यातून दोन तारा निघालेल्या, तारांच्या टोकाला पेन्सिल सेलच्या मापाची पोकळ नळी. नळी घड्याळात सेलच्या जागी बसवायची आणि डबा मागे चिकटवायचा, झालं. डब्यावर ‘लिथियम’, ‘१२००० एमएएच’ (मिलिअँपिअर-तास, म्हणजे सेलमधल्या साठ्याचं माप) आणि ‘पाच वर्षं गॅरंटी’ असं इंग्रजीत छापलेलं. एकाला ६५० रुपये, दोन घेतले तर १२००.

पण माणूस सेल विकतच नव्हता. तो स्टूल विकत होता, म्हणजे स्टुलावर न चढण्याची सोय. माझ्या सासऱ्यांना म्हणाला, “आजोबा, आता या वयात घड्याळासाठी वर चढू नका. माझ्या वडिलांचं खुब्याचं हाड असंच मोडलं.” आमच्या मल्टीत निम्मी घरं फक्त म्हाताऱ्या जोडप्यांची आहेत, मुलं पुण्याला नाहीतर बंगळुरूला. तिथे या वाक्यापुढे ६५० रुपये काय लागतात! आमच्याकडे दोन डबे आले. बहुतेक मजल्यांवर एकेक तरी गेला.

शंका काढणाऱ्यांसाठी त्याच्या खिशात मल्टीमीटर होता. दोन सुया नळीला लावायच्या, आकडा यायचा १.६. “बघा काकू, नवा सेल दीड व्होल्टचा असतो, हा त्याहून जास्त.” आकडा खोटा नव्हता. कुठलाही साधा कोरा सेल, बारीक असो की टॉर्चचा जाडजूड, १.५ ते १.६ व्होल्टच दाखवतो. मीटर दाब सांगतो; आत माल किती भरलाय ते सांगत नाही. टाकी भरलेली आहे की तळाशी बादलीभर पाणी आहे, हे नळ उघडून पहिल्या क्षणी कळत नाही, तसंच.

रंगपंचमीच्या सुमारास घड्याळं रेंगाळायला लागली. एकदम नाही, आणि सगळ्यांची एका दिवशीही नाही, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. आमच्या हॉलमधला सेकंदकाटा नऊच्या आकड्यापाशी येऊन थरथरत राहायचा. सेल उतरल्याची ही जुनी खूण आहे: तिथे काटा आडवा असतो, त्याला वर उचलायला सर्वांत जास्त जोर लागतो आणि दमलेल्या सेलला तो झेपत नाही. एरवी आपण लगेच सेल बदलला असता. पण सेल तर पाच वर्षांचा! मग दोष घड्याळाचा. खालच्या मजल्यावरच्या काकांनी नवं मशीन बसवून घेतलं. समोरच्या वहिनींनी लग्नात आलेलं घड्याळ भंगारवाल्याला दिलं. फसवणाऱ्याने पैसे तर घेतलेच, वर चांगल्या घड्याळांवर संशय घ्यायला लावला, याचा मला पैशांपेक्षा जास्त राग येतो.

आमचं घड्याळ मी महाराणी रोडला एका दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्याने साधा सेल घातला, काटा सुरळीत फिरायला लागला. मग तो डब्याकडे वळला. डब्याचा जोड गोंदाने पक्का केलेला, पेचकस घालून उचकटावा लागला. आत टॉर्चच्या मोठ्या सेलएवढं नळकांडं, त्यात पुठ्ठ्याची गच्च गुंडाळी, आणि पुठ्ठ्याच्या मधोमध एक पेन्सिल सेल, तारा सोल्डर केलेला. दहा-पंधरा रुपयांचा, सर्वांत स्वस्तातला, तळाशी पाणी सुटायला लागलेला. दुरुस्तीवाला हसला. “भिया लोग, लिथियमचा एवढा मोठा सेल मिळतो, नाही असं नाही, पण तो ३.६ व्होल्टचा येतो, वीज-मीटरबिटरमध्ये घालतात. तुमच्या डब्याने १.६ दाखवलं तिथेच तो लिथियम नव्हता.” म्हणजे ज्या आकड्याने सगळ्यांची खात्री पटवली, तोच आकडा छापील अक्षरांविरुद्ध साक्ष देत होता.

दुसरा डबा न फोडता मी सराफ्यातल्या ओळखीच्या दुकानात काट्यावर ठेवला. तारांसकट पन्नास ग्रॅमही भरला नाही. टॉर्चचा खरा मोठा अल्कलाइन सेल एकटाच १४० ग्रॅमच्या आसपास असतो, पेन्सिल सेल २३-२४. वजनात चोरी लपवायची तर डब्यात वाळू भरावी लागली असती. यांनी तेवढेही कष्ट घेतले नाहीत.

यातली खरी गंमत अशी की कल्पना चुकीची नाही. साध्या टिकटिक करणाऱ्या घड्याळाला सरासरी दशांश मिलिअँपिअरच्या आगेमागे वीज लागते, म्हणजे वर्षाला साधारण ८७६ मिलिअँपिअर-तास. चांगल्या अल्कलाइन पेन्सिल सेलमध्ये असा दोन-अडीच हजार मिलिअँपिअर-तासांचा साठा असतो. टॉर्चचा मोठा अल्कलाइन सेल बारा हजारांच्या वर जातो. दीड व्होल्ट तेच, साठा पाचपट. तेव्हा मोठा सेल बाहेर ठेवून घड्याळ कितीतरी वर्षं चालवता येतं, हौशी मंडळी करतातही. गणित बरोबर होतं म्हणून आमच्या मल्टीतले निवृत्त इंजिनीअरसुद्धा मान हलवत होते. फक्त डब्यात तो सेल नव्हता.

पुढचं थोडक्यात. कार्डावरचा फोन बंद. कार्डावर नाव आहे, पत्ता नाही. बिल कुणाकडेच नाही, कारण रोख दिले की पन्नास रुपये सूट होती. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार घेतात, पण विकणारा कोण आणि कुठला हे सांगावं लागतं, आणि आमचं घोडं तिथेच अडलं. ज्या दोघातिघांनी यूपीआयने पैसे दिले त्यांच्या हातात निदान व्यवहाराचा क्रमांक आणि खात्याचं नाव आहे. त्याच्या आधारावर ठाण्यात अर्ज दिला आहे. निकाल लागेल तेव्हा लागेल.

आता तुमच्या दारात असा डबा आला तर छापील आकड्यांवर जाऊ नका. वेष्टनावर बनवणाऱ्याचा पत्ता, महिना-वर्ष आणि एमआरपी असायलाच हवी, तो कायदा आहे. आमच्या डब्यावर यातलं काहीही नव्हतं. एकदा वापरून फेकायच्या चांगल्या सेलवर बहुधा एमएएच लिहिलेलंच नसतं, तो आकडा चार्जिंगच्या सेलवर असतो. सेलवर बारीक अक्षरांत ‘एलआर ६’ असेल तर अल्कलाइन, नुसतं ‘आर ६’ असेल तर झिंक-कार्बन. मोठ्या मापात हेच ६ च्या जागी २०. आणि विकणाऱ्याला डबा तुमच्यासमोर उघडायला सांगा. ‘उघडला तर गॅरंटी जाईल’ हे आमच्याकडेही ऐकवलं गेलं होतं.

सेल जास्त दिवस टिकवायचा असेल तर नामांकित अल्कलाइन घ्या आणि घालण्याआधी पत्र्याच्या पट्ट्या कोरड्या कापडाने पुसा. काटा न थांबता सरकणारी आवाज न करणारी घड्याळं बहुधा जास्त सेल खातात, हेही घेताना लक्षात ठेवा. फार उंचावरच्या घड्याळाचा सेकंदकाटा काढून टाकला तर उतरत्या सेलवर ते आणखी थोडं रेटतं. आणि सेलवर मार्करने तारीख टाका. आमच्या मल्टीत आता प्रत्येक घड्याळाच्या सेलवर ती आहे, आणि स्टुलावर चढायला वरच्या मजल्यावरचा कॉलेजातला मुलगा येतो, चहाच्या बोलीवर.

डबा हल्ली निळ्या रंगात येतो म्हणे. देवासच्या माझ्या नणंदेकडे मागच्या आठवड्यात कुणीतरी दाखवायला आणला होता, भाव ७५०, गॅरंटी सात वर्षं.