माराकेशहून अ‍ॅटलास डोंगरांतल्या बर्बर (तिथल्या मूळ रहिवाशांच्या) गावांची डे ट्रिप: घ्या, पण बुक करताना नीट विचारून घ्या

सरळ सांगते, ट्रिप मस्त आहे, पण कंपनीला पाचपैकी तीन आणि गावातल्या गाइडला पाचपैकी पाच. बडोद्यातल्या आमच्या ओळखीच्यांपैकी बरेच जण सध्या मोरोक्कोचे प्लॅन करतायत आणि सगळे ही ट्रिप घ्यावी का हेच विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

व्हॅन सकाळी हॉटेलवरून उचलते. माराकेश ते इमलिल साठ-पासष्ट किलोमीटर, दीड तासाचा रस्ता, पण आधी थांबवतात ते आर्गन तेलाच्या दुकानात, आर्गन म्हणजे मोरोक्कोतलं एक झाड, त्याच्या बियांचं तेल. बायका खाली बसून दगडाने टकाटक बिया फोडत असतात, खायच्या तेलासाठी गर भाजतात आणि अंगाला लावायच्या तेलासाठी कच्चाच दळतात, हे बघायला छान वाटतं, आणि बदाम, मध आणि आर्गन तेलाचं आमलू चाखायला दिलं ते सासूबाईंनी परत मागून घेतलं. पण मग सुरू, हे क्रीम घ्या, तो साबण घ्या! आर्गनची झाडं मुळात तिकडे एसाविरा-अगादीरच्या बाजूला, म्हणजे इथे निव्वळ शोरूम, आग्र्याला मार्बलच्या दुकानात नेतात ना, तसंच. तासभर गेला तिथे आणि तो तास वर चालण्यातून कापला, यावरच माझा राग आहे.

इमलिल १,७४० मीटरवर आहे, तिथे गावातलाच एक मुलगा गाइड म्हणून आला आणि ट्रिप खरी तिथून सुरू झाली. अक्रोड, सफरचंद, चेरीच्या बागांमधून पायवाट वर आरुमद गावाला जाते, बाजूने पाटाचं पाणी खळखळतंय, कुणाच्या वाफ्याला किती वेळ पाणी ते गाववालेच पाळीने ठरवतात म्हणे. समोर तुबकाल, ४,१६७ मीटर, उत्तर आफ्रिकेतलं सगळ्यात उंच शिखर, आम्ही एप्रिलमध्ये गेलो तरी वर बर्फ होता. सासूबाई खेचरावर बसून गेल्या, त्याचे पैसे वेगळे पडतात, हे बुकिंगच्या वेळी कोणी सांगत नाही.

एक गोष्ट आवर्जून सांगते. ८ सप्टेंबर २०२३ ला याच भागात ६.८ चा भूकंप झाला, जवळजवळ तीन हजार माणसं गेली. काही घरं अजून अर्धी पडलेली, शेजारी नवीन बांधकाम चालू. आपण २००१ ची २६ जानेवारी, कच्छचा भूकंप बघितलेली माणसं, त्या भेगा बघून आमच्यापैकी कोणी काही बोललंच नाही. पण व्हॅनमधले दोघं तिथे उभं राहून सेल्फी काढत होते, गाइडने एकदा बघितलं आणि गप्प पुढे चालायला लागला. प्लीज असं करू नका, घरांचे, बायकांचे फोटो काढायच्या आधी विचारा.

जेवण एका घराच्या गच्चीवर. आधी पुदिन्याचा चहा, किटली हातभर वर धरून ग्लासात ओततात, फेस यायला हवा, नाही आला तर परत किटलीत टाकून परत ओततात, आणि साखर इतकी की गुजरातेत राहूनही आम्हाला गोड लागला! मग ताजीन, म्हणजे उंच झाकणाच्या मातीच्या भांड्यात मंद आचेवर शिजवलेला रस्सा. व्हेजवाल्यांनो, इथे जपून. वर बटाटा, गाजर, ऑलिव्ह दिसतात पण खाली मटण असू शकतं, आणि कुसकुस, म्हणजे वाफवलेल्या रव्याचे दाणे, त्याच्यावरचा रस्सा बरेचदा मटणाचाच असतो. "भाज्या वेगळ्या भांड्यात शिजवा" असं आदल्या दिवशीच सांगा. आमच्या कंपनीने हो हो म्हणून पुढे कळवलंच नव्हतं, गाइडने घरात जाऊन आमच्यापुरतं वेगळं करून आणलं, खारवलेलं लिंबू घातलेलं, अप्रतिम, पण तोवर पाऊण तास आम्ही घरून नेलेला लिलो चिवडा (बडोद्याचा ओलसर बटाट्याचा चिवडा) खात बसलो होतो.

बुक करताना तीन प्रश्न विचारा: आर्गनचा स्टॉप गाळता येतो का, चालणं किती तास आहे, जेवण घरी की रेस्टॉरंटमध्ये. चौघंपाच जण असाल तर प्रायव्हेट गाडी करा आणि गाइड इमलिलचाच मागा, शेअर व्हॅन स्वस्त पडते पण वेळ आपल्या हातात राहत नाही. गुडघे दुखत असतील तर ऊरिका व्हॅली घ्या, नदीकाठी बसायला छान जागा आहेत, गर्दी मात्र भरपूर, आणि सेत्ती फातमाचे धबधबे बघायचे तर तिथेही दगडांवरून चढावं लागतंच. बूट ग्रिपवाले, एक स्वेटर, आणि सुट्टे दिरहाम जवळ ठेवा, वर कार्ड चालेलच असं नाही. शनिवार जमत असेल तर शनिवारच घ्या, वाटेत असनीला आठवडी बाजार भरतो, ड्रायव्हरला सांगितलं की थांबवतो.