फ्रीलान्सरच्या घरासाठी गूगल कॅलेंडर: फुकट आहे, कामाचं आहे, पण मूळ सेटिंगवर सोडू नका

मुलीच्या स्नेहसंमेलनाची 'ऑल डे' नोंद टाकली, आणि त्याच दिवशी सकाळी 11 वाजता क्लायंटने मीटिंग बुक केली, तर दोष क्लायंटचा नाही. गूगल कॅलेंडरमध्ये पूर्ण दिवसाच्या नोंदीची मूळ स्थिती 'फ्री' असते, 'बिझी' नाही. म्हणजे तुम्हाला रंगीत पट्टी दिसते, पण तुमचं बुकिंगचं पान, म्हणजे क्लायंट जिथून स्वतः वेळ निवडतो ते, तो दिवस रिकामाच समजतं. नोंद उघडून 'फ्री'चं 'बिझी' करा, नाहीतर सरळ 9 ते 2 अशी वेळ टाका.

नोकरीत सुट्टीचा अर्ज असतो, ऑफिस सुटण्याची वेळ असते. स्वतंत्र कामात ती कुंपणं आपणच घालायची असतात, आणि त्यासाठी साध्या जीमेल खात्यावर मिळणारं हे कॅलेंडर पुरेसं आहे. मात्र ते मुळात ऑफिसच्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून बनलंय. 'वर्किंग अवर्स'सारखी सोय कंपन्यांच्या सशुल्क खात्यांसाठी आहे.

घरच्यांशी कॅलेंडर वाटून घ्यायचे दोन मार्ग आहेत. गूगलचा 'फॅमिली ग्रुप' केला की सामायिक कॅलेंडर आपोआप तयार होतं. पण त्यात तुम्ही धरून 6 जणच बसतात, आणि सगळे एकाच देशात राहणारे लागतात, म्हणजे पुण्यातले आईवडील आणि न्यू जर्सीतला भाऊ एकत्र येत नाहीत. त्यापेक्षा 'घर' नावाचं वेगळं कॅलेंडर काढा आणि जोडीदाराला नोंदी बदलण्याची परवानगी द्या. हे मोबाइलच्या ॲपमध्ये शोधत बसू नका, संगणकावरच्या ब्राउझरमधून करा. क्लायंटला कॅलेंडर दाखवायचंच असेल तर फक्त 'फ्री/बिझी' दिसेल एवढंच. आणखी एक: नोंद 'प्रायव्हेट' केली तरी ज्याला बदलण्याची परवानगी आहे त्याला ती पूर्ण दिसते. वाढदिवसाच्या सरप्राइजची नोंद 'घर'मध्ये टाकू नका.

सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात फसवं आहे ते 'अपॉइंटमेंट शेड्यूल', म्हणजे क्लायंटला लिंक पाठवून स्वतःच वेळ निवडायला सांगणं. फुकट खात्यावर असं एकच पान मिळतं, आणि बहुतेकांना ते पुरतं. समोरच्याकडे गूगल खातं असायची गरज नाही. पण हे पान मुळात तुमचं मुख्य कॅलेंडरच तपासतं, 'घर' नव्हे. 'घर'मध्ये 5 वाजता बाबांची डॉक्टरची वेळ लिहिलेली असते आणि त्याच 5 वाजता कॉल येऊन बसतो, तो यामुळे. साधा उपाय: 'घर'मधल्या नोंदीत स्वतःचा ईमेल पाहुणा म्हणून जोडा आणि आमंत्रणाला 'येस' म्हणा. नोंद मुख्य कॅलेंडरवर येते आणि ती वेळ अडते. पटापट करायचं असेल तर उलटं करा, नोंद मुख्य कॅलेंडरवर टाका आणि जोडीदाराला बोलवा.

पानाच्या वेळाही जशा येतात तशा ठेवू नका. एका दिवसात दोन तुकडे पाडता येतात: 11 ते 1 आणि 3 ते 6:30. मधली वेळ शाळेतून येणाऱ्या मुलांची आणि जेवणाची. आयत्या वेळी होणारं बुकिंग रोखायला किमान 24 तास आधीची अट घाला. गणपतीचे दिवस, मुलांच्या परीक्षांचा आठवडा अशा तारखा वेगळ्या निवडून बंद करता येतात. हे जूनमध्येच उरकलेलं बरं, कारण ऑगस्टमध्ये आठवण होते तोवर कुणीतरी वेळ घेऊन बसलेलं असतं.

परदेशी क्लायंट असतील तर सेटिंगमधून दुसरा टाइम झोन दिसेल असं करा. खरी गोची घड्याळं बदलतात तेव्हा होते. न्यू यॉर्कचे सकाळचे 10 म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे 7:30, हिवाळ्यात 8:30. तिथली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे जातात. युरोपात हे मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतं, म्हणजे दोन्हीकडे क्लायंट असतील तर मधले दिवस अधिकच विचित्र. दर आठवड्याची मीटिंग क्लायंटने आपल्या झोनमध्ये लावली असेल तर नोव्हेंबरमध्ये ती गुपचूप तासभर पुढे सरकते आणि नेमकी पानं वाढायच्या वेळेवर येते. मीटिंग तुम्ही भारतीय वेळेत लावलीत तर ती तुमच्याकडे हलत नाही, त्यांच्याकडे हलते. कोणाची जेवणाची वेळ मोडायची ते क्लायंटशी आधीच बोलून घ्या आणि नोंदीतल्या 'टाइम झोन'मध्ये तसं निवडा.

काही गोष्टी थेट कमी पडतात. 'टास्क' म्हणून टाकलेली कामं कॅलेंडर वाटलं तरी घरच्यांना दिसत नाहीत, त्यामुळे वीजबिल, फी, क्लासचे पैसे हे साधे 'इव्हेंट' म्हणूनच लिहा. 'घर'च्या सूचना प्रत्येकाला आपापल्या खात्यात चालू कराव्या लागतात. तुमच्या फोनवर घंटा वाजली म्हणून जोडीदाराच्या फोनवरही वाजेल असं नाही. चुकून पुसलेली नोंद मात्र 30 दिवस ट्रॅशमध्ये असते, हा दिलासा.

ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांच्यासाठी हे नाही. पूर्वी एसएमएसने आठवण यायची, ती सोय जानेवारी 2019 मध्ये बंद झाली. अशा घरात स्वयंपाकघरातलं कालनिर्णय काढू नका. दूध, गॅस आणि बाईंच्या सुट्ट्या त्यावर आहेतच, उशिराच्या कॉलच्या तारखांभोवतीही दर रविवारी पेनाने गोल करा.